काकाजींनी निवडलेली मशीन

रामटेके काकाजी माझ्याशी पहिला शब्द बोलले, त्याआधी त्यांनी माझ्या मशीनचा प्लग उपटला होता. सावंगीच्या रस्त्यावर मी गाड्या धुण्याचं सेंटर नुकतंच थाटलं होतं. नवऱ्याच्या मित्राकडून मागून आणलेली, गरगर फिरणारी पॉलिशची मशीन एका डॉक्टरांच्या गाडीवर चालवून पाहत होते, तर ती एकदम थांबली. वळून बघते तो पांढरा शर्ट घातलेला एक उंच म्हातारा माणूस माझा प्लग हातात धरून उभा.

"हात ठेवून पाह्य त्या बॉनेटवर," ते म्हणाले.

ठेवला. चटका बसला.

"अजून जरासक फिरवली असती तं खालचा पत्रा दिसला असता. दुसऱ्याच्या गाडीची साल काऊन काढून राह्यली वं तू?"

अस्सा राग आला मला! ना ओळख ना पाळख, आणि माझ्याच दुकानात येऊन माझी शोभा करतात. पण गाडी वाचली होती, हेही खरंच होतं. मुकाट्यानं पाणी दिलं. ग्लास धरताना त्यांचा हात थरथरला आणि थोडं पाणी शर्टावर सांडलं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही नजर वळवली.

काकाजी बोरगाव मेघेला राहायचे. उभी हयात गॅरेजात गाड्या रंगवण्यात गेली, हात कापायला लागले तेव्हा काम सुटलं. मग माझ्याकडे येऊन बसू लागले. आले की "जय भीम" म्हणायचे, खुर्ची उन्हात ओढायचे आणि चुका काढायला सुरुवात करायचे. "रंग उन्हात पाह्यत जाजो. सावलीत सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात." किंवा, "फडका खाली पडला का तो फडका मेला. उचलून पुन्हा लावशीन तं खबरदार!" जिभेला धार होती. माझ्याकडची दोन पोरं त्यांना टरकून असायची. मी मात्र भांडायचे, आणि त्यांना ते आवडायचं असं मला वाटतं.

एकदा ते मला घरी घेऊन गेले. अंगणात ताडपत्री होती, ती ओढली. खाली छोटी मारुती होती, निळी. म्हणजे कधीकाळी निळी असावी. आता रंगावर पांढुरका थर चढला होता, बोट फिरवलं की भुकटी लागायची. प्रशांत, त्यांचा एकुलता एक मुलगा, बापाच्याच हाताखाली रंगकाम शिकला. जुनी गाडी विकत घेऊन तिच्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यानं एकट्यानं रंग मारला, असं ते एकच काम. त्यानंतर तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. आता सून संगीता नर्सची नोकरी मिळून लेकीला घेऊन नागपूरला चालली होती. गाडी तिला हवी होती.

"गॅरेजवाले म्हणतात नवा रंग मारून देतो," काकाजी म्हणाले. "मारतीन. पण मंग पोराचा हात कुठं राह्यला तिच्यावर? हाच रंग वर आणाचा हाय. माह्या हातानं होत नाई. तुही ती गरगरी लावली तं सगळा जाईन. तू नवी मशीन घेनार हाय ना? मी येतो संग."

मला धंद्यासाठी पहिली मशीन घ्यायची होती, आणि या माणसाला मुलाचं उरलंसुरलं वाचवायचं होतं. इतकं जोखमीचं काम माझ्यासारख्या शिकाऊ बाईच्या गळ्यात!

नागपूरच्या दुकानात मी सगळ्यात दांडगी मोटर असलेल्या मशीनकडे बोट दाखवलं. दुकानदार खूश. काकाजी म्हणाले, "शिकनाऱ्यानं ताकद नाई पाह्यची. चुकलं तं मशीन किती माफ करते, ते पाह्याचं." त्यांना डबल चालीची मशीन हवी होती. तिची थाळी फिरतेही आणि जागच्या जागी डुलतेही, त्यामुळे एका ठिकाणी ताप धरत नाही. दुकानात तशा तीन होत्या. त्यांनी दुकानदाराकडून पेन मागितला, प्रत्येक थाळीच्या कडेला रेघ मारली आणि मला मशीन पत्र्याच्या तुकड्यावर दाबायला लावली. एकीची रेघ दाबल्याबरोबर जागीच थांबली. "ही नुसती थरथरते. थरथराले मी हावोच की," म्हणून ते स्वतःच हसले. मी हसले नाही. दुसरीची थाळी मोठी निघाली, दरवाज्याच्या खोलगट भागात ती बसली नसती. तिसरी खांद्याच्या उंचीवर धरून त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. दुकानदार कंटाळला, गिऱ्हाइकं बघायला लागली, माझे हात भरून आले. "आता बोटं झिनझिनतात का?" "नाही." "मंग हीच घे."

काम माझ्या सेंटरवर केलं. काकाजींनी कडांवर कागदी टेप लावायला सांगितली, कारण कडेला रंग सर्वांत पातळ असतो. आधी डिकीचा एक कोपरा. मशीन हलक्या हातानं फिरवली आणि उचलली, तर खालचा पॅड निळा झालेला. प्रत्येक फेरीबरोबर प्रशांतचा रंग थोडा थोडा निघत होता. काकाजींनी पॅडवर हात ठेवला, बोटं निळी झाली. "एवढा द्याच लागते," ते म्हणाले. "याच्याहून जास्त नाई." मग पुसलं, तर कोपरा असा निळाशार निघाला की मला रडूच फुटलं. ते म्हणाले, "रडू नको. टप बाकी हाय."

मागच्या दारावर रंगाचा एक ओघळ होता, सुकून जाड झालेला. रंग मारताना हात रेंगाळला की असा ओघळ येतो. मी म्हटलं, "काकाजी, हा जास्त घासला तर निघेल."

"नाई. राहू दे."

चुका काढणारा माणूस चूक राहू दे म्हणतो! मी बघतच राहिले. ते खुर्चीत बसले. "याच्याच पायी म्या त्याले सगळ्या गॅरेजापुढं बोललो होतो. म्हटलं, रामटेकेच्या पोराचं काम हाय का हे? लाज आनली. तवापासून तो माह्याशी बोलत नव्हता. मीबी बोललो नाई. बाप हावो ना मी. अन् मंग त्याले ताप आला."

मी मशीन बंद केली आणि तेवढा भाग नुसत्या फडक्यानं पुसला.

काकाजी पुढे वर्षभरातच गेले. त्यांच्यामुळे मला धंदा आला, हे मी कुणालाही सांगते. पण संगीता गाडी न्यायला आली ती दुपार मी सहसा कुणाला सांगत नाही. सेंटरवर माणसं होती. दोघं तर त्यांच्या जुन्या गॅरेजातले, काकाजींनी मुद्दाम बोलावून घेतलेले. गाडी उन्हात उभी होती. काकाजींनी सुनेला मागच्या दारापाशी नेलं, त्या ओघळावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "प्रशांतनं काम चांगलं केलं. लय चांगलं केलं."

संगीतानं पदरानं डोळे टिपले.

"मामाजी," ती म्हणाली, "ते वाट पाहत होते. शेवटपर्यंत."

"हाव," काकाजी म्हणाले, आणि तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.