आत्यानं कुलूप उघडू दिलं नाही

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच खोली. तीन संगणक, भिंतभर पांढरा फळा आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी एक साठीची बाई. अख्खी प्रयोगशाळा तिला आत्या म्हणायची.

आत्याचं काम टॉप क्वार्कच्या जोड्यांचं. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळले की कधीकधी हे दोन जड कण जोडीनं जन्मतात आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतात. पण जाता जाता आपल्या फिरकीची खूण फुटताना उडालेल्या हलक्या कणांपाशी ठेवून जातात. त्या कणांचे कोन मोजायचे आणि दोघांच्या फिरकीत किती मेळ होता ते ओळखायचं. चार वर्षं आत्यानं दुसरं काही केलं नव्हतं.

या कामाचा एक कडक रिवाज आहे. पद्धत पक्की होईपर्यंत खऱ्या टकरींतून निघणारा आकडा कुणी बघायचा नाही. सराव संगणकानं रचलेल्या लुटुपुटीच्या टकरींवर. खऱ्या आकड्याला कुलूप. ते उद्या सकाळी उघडायचं होतं. आत्याची नोकरी उरली होती तीन आठवडे.

आणि आज दुपारी तिला चूक सापडली. प्रत्येक कोन मोजायचा तो त्या त्या क्वार्कसोबत धावत, म्हणजे तो क्वार्क जागीच उभा आहे असं धरून. एकाचा तसा मोजला होता, दुसऱ्याचा मात्र जमिनीवर पाय रोवून. लुटुपुटीच्या टकरींनाही तीच चुकीची पट्टी लावल्यामुळं सराव बिनबोभाट पार पडला होता. ती ओळ आत्यानंच लिहिलेली.

गटप्रमुख तिच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं परोपरीनं समजावलं. फरक किरकोळ असेल, आधी उघडू, मग दुरुस्त करू. दुरुस्तीला सहा आठवडे लागतील, तेव्हा तुम्ही इथं नसाल. हे सांगताना तो फळ्यावरच्या तारखेकडे बघत होता.

"एकदा आकडा पाहिला ना, की मन त्याच्याच बाजूनं झुकतं," ती म्हणाली. "मग दुरुस्ती मी करत नाही, तो करून घेतो."

तिनं फळ्यावरची उद्याची तारीख पुसली आणि चूक कुणाची ते स्वतःच्या नावानिशी सगळ्यांना कळवलं.

"आणि तीन आठवड्यांनंतर?" त्यानं विचारलं.

"निरोपाचा हार खुशाल घाल. दुसऱ्या दिवशी मी कामावर येणार आहे, माझी खुर्ची तेवढी कुणाला देऊ नकोस."