गुलाबदाणी भाचीच्या हाती

दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ताई नोएडाच्या नव्या सोसायटीत राहायला गेली आणि माझ्या भाचीचं सगळंच बिनसलं. वयाने मोठी, समज लहानग्या पोरीची. तेव्हा लोक सरळ तोंडावर मतिमंद म्हणायचे. जुन्या कॉलनीत सगळे तिला ओळखून होते. इथे लिफ्टमध्ये रोज नवे चेहरे. कुणी लाडाने गाल ओढला की ती किंचाळायची, चावायची. एकदा समोरच्या पंजाबी शेजारणीलाच चावली. भाऊजी म्हणाले, "बस झालं. पुण्याच्या निवासी शाळेत ठेवू तिला."

ताई खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "संक्रांतीचं हळदीकुंकू करते. सगळ्या मजल्याला बोलावते."

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी ओरडलेच.

"ती द्वाड नाहीये गं, घाबरते. न विचारता अंगाला हात लावलेला तिला सोसत नाही. तुला सोसेल का?"



ताईने लेकीच्या हाती गुलाबदाणी दिली आणि मला पाहुणी बनवून रोज सराव घेतला. गुलाबपाणी घ्यायला बाई हात पुढे करून जागच्या जागी उभी राहते, गालापर्यंत पोचतच नाही. काय डोकं चालवलं होतं माझ्या बहिणीने!

त्या दिवशी भाऊजी आतल्या खोलीत बसले. बायका आल्या, भाची शिंपडत राहिली, बिल्कुल शांत. शेवटी ती शेजारीण आली आणि "हाय, कितनी प्यारी!" म्हणत तिने गालाकडे हात नेलाच. भाचीने गुलाबदाणी उचलली आणि सगळी तिच्या तोंडावर रिकामी केली. दिल्लीकडची जानेवारीची थंडी ती!

ताईने शांतपणे टॉवेल पुढे केला. "उसको छूना पसंद नहीं जी. बस, इतना याद रखिए."

शेजारीण आधी गार पडली, मग खो खो हसत सुटली. "चलो, काटा तो नहीं!"

बायका गेल्यावर भाऊजी बाहेर आले. इतका वेळ दाराला कान लावून बसले होते बिचारे. लेकीपासून जरा लांब थांबून त्यांनी हात पुढे केला. दाणीत थेंब उरला नव्हता. तरी तिने ती मन लावून त्यांच्या हातावर झटकली.

भाऊजींनी तो कोरडा हात नाकाशी नेला. "पुण्याचं राहू दे," म्हणाले.