दादांच्या तोंडी परका आवाज

चित्रपटात आवाज नंतर भरावयाचा, हा निर्णय आम्ही राजीखुशीने घेतलेला नव्हता. आमच्याजवळचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा चालू झाला की पिठाच्या गिरणीसारखा खडखडे. त्यावर गोधड्या टाकून पाहिल्या. खडखड थांबली नाही, आत डोके घालून बसलेला मात्र घामाघूम झाला. तेव्हा चित्र आधी घ्यावे, नटांनी नुसते तोंडाने संवाद म्हणावेत आणि प्रिंट हाती आल्यावर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तेच संवाद ओठांबरहुकूम पुन्हा म्हणावेत, असे ठरले. सत्तरच्या दशकातल्या कोल्हापुरात आमच्यासारख्या हौशी माणसांना दुसरा मार्ग नव्हता.

आम्ही चौघे. मी दिवाणी न्यायालयातला वकील. कथा, संवाद आणि दिग्दर्शन माझे. कॅमेरा माझ्या मित्राचा. एरवी तो लग्नांचे फोटो काढी. माझे थोरले बंधू शाळेत भूगोल शिकवीत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू, तेच नायक. आणि वहिनी. चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद फळीवर चिकटवून ती फळी वहिनी उन्हात धरून उभ्या राहत, तेव्हा कुठे अंधाऱ्या खोलीत दादांच्या तोंडावर उजेड पडे. हुपरीतल्या एका पैंजण घडवणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी आपली खोली आम्हाला वापरू दिली होती. गोष्टही तशाच कारागिराची होती: त्याची दृष्टी जात चालली आहे आणि हे तो कुणालाही सांगत नाही.

चित्रीकरण संपले. निगेटिव्ह मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडे गेली आणि तिथे पडून राहिली. का पडून राहिली, याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही. मी रजिस्टर पोस्टाने पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली, शेवटी करार कायद्याचा आधार देऊन नोटीस दिली. एकदाच उत्तर आले: 'काम हाती घेतले आहे.' ते कधी संपवणार, हे लिहिण्याचे त्या व्यवस्थापकाने कटाक्षाने टाळले होते. त्या दिवाळीनंतर दादा शाळेतून सायकलवरून येताना रस्त्यातच गेले. प्रिंट आली तेव्हा त्यांचे पहिले मासिक श्राद्ध उरकले होते.

मला रडू आले नाही. मी प्रयोगशाळेला आणखी एक पत्र लिहिले. त्यात 'भरून न येणारी हानी' असे शब्द घातले, कारण मसुद्यात त्या जागी तेच बसतात. पत्र पोस्टात टाकले, घरी आलो, जेवलो. राग होता. त्याखाली आणखी काही आहे की नाही, हे चाचपून पाहावेसे वाटत नव्हते.

"आवाज कुणाचा का असंना, तोंड दादांचंच हाय की," मित्र म्हणाला. "न्हायतर रिळं माळ्यावर टाका आन् इसरा."

मृत माणसाच्या तोंडी परका आवाज घालण्यास संमती कोणाची लागते, याबाबत मला कोणत्याही कायद्यात कलम सापडले नाही. मी वहिनींना विचारले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"घाला, भाऊजी. अर्धवट कशाला ठेवायचं? पण मी तिथं बसणार. मला नको वाटलं तर तो आवाज राहायचा नाही."

मी अट मान्य केली.

ध्वनिमुद्रणाची खोली गावातलीच, भिंतींना गोणपाट ठोकलेली. आवाज द्यायला नाटकांतून राजांची कामे करणारे एक गृहस्थ आले. एका दृश्याची फीत टोकाला टोक जोडून यंत्रावर चढवीत. तेच दृश्य पडद्यावर पुनःपुन्हा येई आणि नट ओठ पाहून वाक्य म्हणे. दुपारपर्यंत काम सुरळीत चालले. वहिनी मागे बाकावर बसून होत्या. मलाही त्या आवाजाचे काही वाटेनासे झाले होते.

मग मुख्य दृश्य आले. कारागीर मान वर करून म्हणतो, 'डोळ्यांनी साथ सोडली, तरी या हातांना चांदीची वाट ठाऊक आहे.' हे वाक्य मी फार विचार करून लिहिले होते. ते काही केल्या ओठांवर बसेना.

"वकीलसाहेब, दादा कवाच तोंड मिटून बसल्यात," नट म्हणाले, "आन् माझी चांदी अजून हुपरीच्या यष्टीतच हाय!"

मित्र हसला. फीत फिरत राहिली. दादा मान वर करीत, कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे पाहत, काही बोलत, खाली बघत. पुन्हा मान वर.

"ते वाक्य म्हणतच नाहीत ते," वहिनी मागून म्हणाल्या.

"मग काय म्हणतात?"

"'बास. ठेव खाली. हात भरून आला असेल.'" मग त्या म्हणाल्या, "मी तिथंच उभी होते की, फळी धरून."

आवाज मुद्रित होत नाही, हे दादांना ठाऊक होते. तरीही संहितेतले वाक्य बदलण्याचा त्यांना अधिकार नव्हता, आणि तसे मी मोठ्याने म्हणालोही. पडद्यावर दादा मान वर करीत राहिले.

"मग आपुन त्येच म्हणू की," नट म्हणाले. मनाचा मोठा माणूस. फीत फिरून आली तसे ते मायक्रोफोनशी वाकले आणि त्या भरदार आवाजात बोलले: बास. ठेव खाली. हात भरून आला असेल. ओठ मिटले, शब्द संपला.

"बसलं!" यंत्रावरचा माणूस आतून ओरडला.

"पुसा ते," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, असं पुन्यांदा न्हाय बसायचं," मित्र म्हणाला.

"पुसा."

अट मी मान्य केलेली होती. मी पुसायला सांगितले आणि पुसले गेल्याची खात्री करून घेतली. अखेर त्या जागी फक्त हातोडीची ठकठक ठेवली. ओठ हलतात, शब्द नाहीत.

सेन्सॉरचे प्रमाणपत्र नव्हते, त्यामुळे चित्रपटगृहात तो लावणे शक्य नव्हते. एका शाळेच्या सभागृहात निमंत्रितांपुरता दाखविला. निमंत्रित असले तरी ते कोल्हापूरचे. ते दृश्य येताच मागून आरोळी उठली, "ओ पावणं, आवाज गेला! आवाज सोडा की!" दुसरा म्हणाला, "हातोडीला हाय की आवाज, माणसालाच न्हाय!" मग शिट्ट्या.

मी उठलो. यंत्रात दोष नसून शब्द हेतुपुरस्सर वगळले आहेत, असे निवेदन करणे मला आवश्यक वाटले. वाक्य तयार होते. वहिनींनी माझ्या कोटाची बाही ओढली.

"बसा, भाऊजी," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही."

मी बसलो.