कचेरीतल्या कारकुनाच्या नाड्या

ये वं पोरी, जवळ बस. शहरात परत जायच्या घाईत बुटाच्या नाड्या लोंबत ठेवून काऊन पळून राह्यली? निजामाच्या राज्यात बोथ गावच्या सरकारी कचेरीतला एक कारकून आमच्या ओसरीवर यायचा. चहा थंड होई, पण त्याचं नाड्यांची टोकं सारखी करणं सरत नसे. सारे त्याले भ्यायचे. कोण गाव सोडून चाललं, हे तोच वर साहेबाले कळवायचा.

दंगलीच्या धास्तीनं आमी भर दुपारी पैनगंगेपार वऱ्हाडात निघालो, तर हा बैलगाडीसमोरच. सासूबाईंनी गाठोडं पदराखाली ओढलं. तो बाजूला होऊन खाली बसला, बांधलेल्या नाड्या सोडल्या अन् मान न उचलता म्हणाला, "माय, आज या बराबर होऊनच नाही राह्यल्या."

गाडी वळणावर गेली, तरी तो वाकलेलाच होता. पुन्हा त्याची भेट नाही झाली. तू तरी लवकर ये वं भेटायला.