स्पितीसाठी घेतलेले कॅन

त्या दुष्काळात मला स्पितीला जायचं खूळ लागलं होतं. आपलीच गाडी, आपलाच तंबू, आणि हिमाचलातल्या त्या ओसाड डोंगरांत रात्र होईल तिथं मुक्काम. नांदेडच्या आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बायको म्हणायची, "ओसाडच बघायचं तर इथं काय कमी हाय?" मी खेकसायचो. माझ्या हौसेची चेष्टा मला खपत नाही.

गाडीच्या टपावर कॅरियर बसवलं, त्यावर पाण्याचे मोठे निळे कॅन बांधले. तंबू एकदा ठोकून बघायचा होता. त्यासाठी मुखेडकडचं आक्काचं गाव बरं वाटलं, रान मोकळं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. फोनवर तिला सांगितलं, "पाण्याचे मोठाले कॅन घेतलेत, टपावर बांधून रविवारी येऊन राहिलो." डोंगराचंही सांगितलं. पण त्यांच्या वस्तीत टँकर सगळ्या गावाचं भागल्यावर यायचा, कधी यायचाच नाही. तिथं माझ्या बोलण्यातलं काय तेवढं ऐकलं जाईल, हे मला कळायला पाहिजे होतं.

नायगाव मागं टाकून दुपारी पोचलो. आक्काच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत घागरी, हंडे, तेलाचे डबे ओळीनं मांडलेले. तिकडं टँकरसाठी माणसं उभी राहत नाहीत, भांडी उभी राहतात. माणसं सावलीला बसतात. ज्याचं भांडं पुढं, त्याचा नंबर पुढं. मी उतरून विचारलं, "टँकर कधी येणार हाय?"

"टँकर कुठला आलाय," लिंबाखालचा म्हातारा म्हणाला, "तुमचीच वाट बघून राहिलो." आणि लगेच, "उदगीर जिल्हा झाला तर मुखेड तिकडं जाणार म्हणतात. खरं हाय का, साहेब?"

मी काही बोलायच्या आत एका बाईनं दोरी सोडून टपावरचा कॅन ओढला. तो एका हातानं अलगद खाली आला. तिनं तो हलवून बघितला आणि माझ्याकडं न बघता आक्काकडं बघितलं.

आक्कानं शेजारणींकडून पाण्याच्या भरल्या घागरी उसन्या आणल्या होत्या. माझ्या आंघोळीला, स्वयंपाकाला. माझा भाऊ पाणी आणून राहिलाय, असं सगळ्या गल्लीला सांगून. मला इतकी लाज वाटली की गाडीत बसून काचा वर कराव्यात असं झालं.

"रिकामेच आण म्हणले होते मी," आक्का मोठ्यानं म्हणाली. "नांदेडहून भरून आणलं तर रस्त्यात निम्मं हिंदकळून जातंय. आता मुखेडहून भरून आणतो की तो."

मी निमूट मुखेडला गेलो. ओळखीच्या एकाच्या बोअरवर हात जोडले. परत आलो तेव्हा ओळ तशीच होती, एक भांडं हललं नव्हतं. आक्कानं आधी उसन्या घागरी फेडल्या, मग ओळीनं ओतायला लागली. तिची स्वतःची घागर सगळ्यांच्या शेवटी होती. तिथवर पाणी पुरलंच नाही.

गाडीच्या मागच्या काचेतून तंबूची नळकांडी दिसत होती. म्हाताऱ्यानं विचारलं, "हे काय हो, साहेब? कुठं चाललात?"

काय सांगणार? पाणी नाही, माणूस नाही अशा ठिकाणी राहून बघायची मला हौस आहे, म्हणून?

"हापिसाचं काम हाय त्याचं," आक्का म्हणाली. "डोंगरात पाठवून राहिलेत. लई जिवावर आलंय बिचाऱ्याच्या, पण नोकरी हाय."

मग तिनं आपली कोरडी घागर उचलून काखेत घेतली आणि आत गेली. आक्काला खोटं बोलताना मी जन्मात बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती माझ्यापायी दोनदा बोलली.