हुश्शकाकाची शेवटची गाडी

माझा धाकटा साडू खुर्चीत बसताना 'हुश्श' करायचा, उठताना 'हुश्श' करायचा, आणि मधे कुणी काम सांगितलं तर सगळ्यात लांबलचक 'हुश्श' करायचा. घरातल्या पोरांनी त्याचं नाव हुश्शकाका पाडलं आणि ते त्याच्या बायकोच्याही तोंडी बसलं. आळशी नव्हता हो. आळशी असता तर इतका दमला कशाला असता?

बोळाच्या तोंडाशी त्याचं गॅरेज होतं. एक गाडी आत, दुसरी आली की अर्धी रस्त्यावर. स्वतःच्या लग्नाला निघाला तेव्हा वऱ्हाडाची बस वाटेत बंद पडली, तर नवरदेवच बसखाली. वर आला तेव्हा नव्या सदऱ्यावर ऑइलचा हा एवढा डाग. तो डाग फोटोतही आहे. माझी मेहुणी अजून म्हणते, "मी माणूस बघून हो म्हटलं होतं, मिळाला मेकॅनिक."

तर सांगत काय होतो, या माणसाचे गुडघे गेले. जन्मभर फरशीवर उकिडवं बसून आणि गाड्यांखाली आडवं होऊन कंबरही गेली. शेवटी बायकोने निक्षून सांगितलं, "आता शटर खाली." शेजारच्या गादीवाल्याला जागा हवीच होती. त्याच्या कापसाचे गठ्ठे पावसाच्या भीतीने ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसले होते. सगळं ठरलं. राहिली फक्त एक गाडी.

ती होती दातवाल्या डॉक्टरांची. लाल, दोन माणसांची, जमिनीला चिकटून पळणारी स्पोर्ट्स कार. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता, पण गाडी सोडली नव्हती. तिला तीन दुहेरी कार्ब्युरेटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा आपापला वेगळा घसा. हे सहा घसे एका सुरात लावायचे म्हणजे रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि हातात स्क्रूड्रायव्हर. एक लावावा तर दुसरा बिघडतो. थंडी पडली की परत लावा, ऊन तापलं की परत लावा. आसपास हे काम येणारा साडू तेवढा एकच.

"मी बंद केलं आणि ही गाडी अडली, तर डॉक्टर माझ्या दारात येणार," साडू मला म्हणाला. "घरी झोपलेला असेन तरी उठवणार. दादा, एकदाच मरमर करतो. कार्ब्युरेटर काढतो, पेट्रोलचं इंजेक्शन बसवतो. मग तिला माझी गरज नाही आणि मला तिची."

डॉक्टर आधी नको नको म्हणाले, मग गाडीतल्या पेट्रोलच्या वासाला त्यांच्या बायकोने नावं ठेवली म्हणून हो म्हणाले.

ते काम मी टायरवर बसून बघितलं. कार्ब्युरेटर उतरले. त्यांच्या जागी हवेच्या झडपा, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलची पिचकारी मारणारा इंजेक्टर, मागे टाकीजवळ जोराचा पंप, आणि डॅशबोर्डखाली एक छोटा कॉम्प्युटर. कुणाला किती पेट्रोल द्यायचं ते आता हा डबा ठरवणार. वायरी इतक्या की मी म्हटलं, "अरे, ही गाडी आहे की टेलिफोन ऑफिस?" तो हसला नाही. हसायलाही अंगात काही उरावं लागतं.

गाडीत बसायचं त्याच्या जिवावर यायचं. सीट इतकी खाली की गुडघे कानाला लागायचे. एकदा चालू गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन डॉक्टरांच्या शेजारी बसला आणि रस्त्यावर चाचणी घेऊन आला. परत त्याला बाहेर काढायला मी आणि गादीवाला दोघं लागलो. त्यानंतर त्याने आत बसायचं नावच सोडलं. गाडी चालू करायची झाली की बाहेर उभा राहून खिडकीतून हात घालायचा, किल्ली फिरवायचा. इंजिन लगेच गुरगुरायचं.

साडूने बाहेरूनच गाडी चालू करून दिली, डॉक्टर घेऊन गेले. साडूने सगळे पाने पुसून पेटीत ठेवले, पेटीला कुलूप लावलं. गादीवाल्याने पहिला गठ्ठा आत आणून टाकला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. "अहो, चालू होत नाही."

साडू पायी गेला, घर मागच्याच गल्लीत. खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली. चालू!

"झालं की," म्हणाला आणि लंगडत परत आला. तिसऱ्या दिवशी फोन. गेला, फिरवली, चालू. मग त्याला वाटलं, पंप कधीतरी दगा देतोय. पंप बदलला. मग पंपाला वीज सोडणारा रिले बदलला. मग टाकीपर्यंतची वायर उसवून परत ओढली. प्रत्येक वेळी गाडी त्याच्या हाताला गरीब गायीसारखी आणि डॉक्टरांच्या हाताला जिद्दी गाढवासारखी.

"तुमचा तिच्यावर राग आहे का डॉक्टर?" मी विचारलं.

"माझा नाही, तिचाच माझ्यावर आहे! घसे काढले ना तिचे!"

गादीवाला रोज डोकावायचा. "गेली का गाडी?"

"गेली होती. आली."

"मग माझा कापूस?"

"तो पण आला तसा जाऊ दे," साडू म्हणायचा. गठ्ठा परत ताडपत्रीखाली गेला. पेटीचं कुलूप निघालं. मेहुणीने मला बाजूला घेतलं. "भावोजी, तुम्ही तरी सांगा यांना. रात्री जेवताना घास हातात घेऊन बसतात, तोंडात घालायचं विसरतात." मी काय सांगणार? मला सायकलची चेन बसवता येते, तीही हात काळे करून.

शेवटी एका दुपारी त्याने डॉक्टरांना गॅरेजमध्येच बोलावलं. "आज तुम्ही चालू करा. मी पलीकडून आत डोकं घालून रिलेचा आवाज ऐकतो." त्याने दुसरं दार उघडलं, खाली पोतं टाकलं आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून आडवा झाला. पाय बाहेर. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. घुर्र घुर्र घुर्र, आणि काही नाही. परत. परत. खालून आवाजच येईना. मला वाटलं, झोप लागली याला. लागली असती तर मी उठवला नसता.

मग खालून साडूने हळूच विचारलं, "डॉक्टर, तुमचा उजवा पाय कुठंय?"

"कुठं असणार? जागेवर."

"जागेवर म्हणजे पार तळाला दाबलाय तुम्ही पेडल."

"मग? गाडी चालू करायचीय ना!"

"उचला."

"अहो, पाय न देता कशी..."

"उचला हो, पाया पडतो! तसाही पायाशीच आहे."

डॉक्टरांनी पाय उचलला, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू. मी टायरवरून उठून टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

झालं होतं असं. कार्ब्युरेटरच्या गाडीला चालू करताना पेडल दाबून पेट्रोल पाजावं लागतं. डॉक्टरांची ती सवय हाडीमासी खिळलेली. कॉम्प्युटरचं मात्र उलटं. चालू करताना पेडल तळाला गेलं की त्याला वाटतं, आत पेट्रोल जास्त झालंय, प्लग भिजलेत. तो पेट्रोलच बंद करतो. चालू होत नाही म्हणून डॉक्टर आणखी जोरात दाबत होते. आणि साडूच्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे त्याचा पाय त्या पेडलपर्यंत कधी गेलाच नव्हता.

"मी जन्मभर पायाने मशीन दाबून दात कोरलेत," डॉक्टर पडलेल्या आवाजात म्हणाले. "हा पाय माझं ऐकणार नाही."

"तुझ्या डब्यालाच सांग ना गप्प बसायला," मी साडूला म्हटलं.

"सांगता येतं दादा. पण कधी खरंच प्लग भिजले, तर परत मलाच बोलावणार." तो पोत्यावर उठून बसला. "डॉक्टर, बाहेर या. गिअर काढा, हँडब्रेक ओढा, आणि माझ्यासारखा खिडकीतून हात घाला."

"चोरासारखा?"

"स्वतःच्याच गाडीची चोरी. कोण पकडतंय?"

डॉक्टर बाहेर आले, इकडेतिकडे बघत हात आत घातला. चालू! बंद केली, परत घातला. चालू! म्हातारा असा खूश झाला की बराच वेळ बाहेरूनच गाडी चालू-बंद करत राहिला. मग डॉक्टर आत शिरले आणि वळणावर हॉर्न वाजवून गेले.

त्यानंतर फोन आला नाही. शटरच्या आत कापूस गेला. गादीवाल्याने जागेच्या खुशीत साडूला एक जाड गादी भरून दिली.

परवा मी त्याच्याकडे गेलो, तर तो त्या गादीवर गाढ झोपला होता. मेहुणीने मला तोंडावर बोट ठेवून आत घेतलं आणि त्याच्या पायांकडे दाखवलं. झोपेतच त्याचा उजवा पाय पलंगाच्या पायाकडच्या फळीवर दबत होता, सुटत होता, परत दबत होता.

"उठवू का?" मी कुजबुजलो.

"नको हो," ती म्हणाली आणि गादी हलकेच उशाकडे ओढून घेतली. पाय फळीपासून सुटा झाला. थोडा वेळ हवेतच चाचपडला, मग पडून राहिला. आणि साडूने झोपेत, इतक्या वर्षांत मी ऐकला नव्हता इतका हलका, 'हुश्श' केला.