तिकडचं हवामान

आमच्या ह्यांचा जन्म माणदेशातला. तिथं पाऊस पडला तर बातमी, नाही पडला तर रोजचंच. त्यामुळे माणूस भेटला की आधी पावसाची चौकशी आणि मग बाकीचं. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. सासरे फोनवर आले की पहिला प्रश्न ठरलेला, पाऊस हाय का तिकडं? सासूबाई गेल्या तेव्हा दिरांचा फोन आला, तर त्यांनीही आधी सांगितलं की औंदा वळीव झालाच नाही, विहिरीनं तळ गाठलाय, आणि मग म्हणाले, आई गेली. ह्यांनीही पावसाचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मगच रडायला बसले.

अशा माणसाला नोकरी लागली ती म्हैसुरात, बेळगोळ भागातल्या एका कारखान्यात. या गावाच्या हवेला नाव ठेवायला जागा नाही. उन्हाळ्यात चार दिवस तापलं की संध्याकाळी चामुंडीच्या डोंगराच्या अंगानं ढग येतात, तासभर गडगडतं आणि सकाळी सगळं धुतल्यासारखं. आम्ही राहतो त्या अग्रहार भागातली आमची फुलवाली नुसती वर बघते, "मळे बरुत्ते" म्हणजे पाऊस येतोय म्हणते आणि टोपली झाकते. आणि तो येतोच. काळजी करायला काही उरलंच नाही तर माणदेशी माणसानं करायचं काय? मग आमची एकुलती लेक लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि ह्यांना काळजीसाठी एक गाव मिळालं.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. देशाच्या मधोमध, मक्याच्या शेतांत वसलेलं. तिथल्या हवेचं कधी काय बिनसेल सांगता येत नाही. लेकीचा फोन आला की बापाचं बोलणं एवढंच, पाऊस आहे का, बर्फ किती पडलं, वारा कुठला, थांब हं, आईला देतो. ती हसायची. बाबा चुकून कारखान्यात गेले, हवामान खात्यात जायला हवे होते, म्हणायची.

मग एका सकाळी तिचा फोन आला. मी ओट्यापाशी होते, फोन स्पीकरवर होता. नवऱ्याचं घर सोडलं, असं तिनं सांगितलं. का सोडलं तेही सांगितलं. ते इथं लिहिणार नाही, पण कुठल्याही आईबापाला लेकीला घरी बोलवायला ते पुरेसं होतं. मग तिनं विचारलं, "बाबा, मी घरी येऊ का?"

ह्यांनी फोन जवळ ओढला. आणि मग म्हणाले, "तिकडं बर्फ पडायला लागलं असेल ना?"

कपाळ माझं! मी हात पुसून फोनपर्यंत पोचेस्तोवर तिनं तो ठेवलेला होता.

मला कळलं होतं ह्यांना काय झालं ते. मोठं बोलायच्या आधी पावसाचं बोलायचं, हीच त्या घराची रीत. पण लेक म्हैसुरात वाढलेली. तिला त्यात नुसता नकार ऐकू आला. मी नंतर कितीदा समजावलं. ती म्हणाली, आई, येऊ का म्हटल्यावर ये म्हणायला वेळ किती लागतो? बापाचा नंबर तिनं ब्लॉक करून टाकला आणि भारतात यायचं नावच सोडलं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर हे मोबाइलवर त्या भागाचा हवामानाचा अंदाज उघडायला लागले. असतो इंग्रजीत, पण हे त्याचं माणदेशी करून मला वाचून दाखवायचे. ढग आहेत पण वांझोटे. वारा पश्चिमेचा. उद्या उघडीप. लेकीचं नाव काढायचं नाही, रडायचं नाही, मी नुसतं हूं म्हणायचं. आमच्या घरात लेकीविषयी एवढंच बोलणं उरलं होतं.

माझ्याशी मात्र ती बोलते. मी देवळाला म्हणून बाहेर पडते आणि कट्ट्यावर बसून फोन लावते. ह्यांना ते ठाऊक आहे, पण विचारत नाहीत. असंच एकदा तिनं सांगितलं की तिनं ते गाव सोडलं. नवी नोकरी, नवं गाव, पहिल्याहून कितीतरी उत्तरेला. तिथं म्हणे अर्धं वर्ष बर्फच. आणि अट घातली, बाबांना गाव कळलं तर तुझाही फोन घेणार नाही. पोर हट्टाला बापावर गेली आहे, बोलली ते करणारच. मी कबूल झाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! घरी आले तर हे चहाला थांबलेले. लेक जिथं नाहीच, त्या गावाचा पाऊस मला वाचून दाखवायला लागले. मी ऐकला. पुढंही रोज ऐकत राहिले.

यंदा गणपती उठले त्या आठवड्यातली गोष्ट. तिकडचा उन्हाळा सरत आला होता. सकाळी हे वाचायला लागले ते थांबेचनात. आज दुपारनंतर गडगडाटी वादळं, गारा, सोसाट्याचा वारा, आणि मागोमाग उत्तरेकडून थंड हवेची फळी खाली सरकतेय. फळी म्हणजे काय तेही समजावलं. गार हवा जड असते, ती गरम हवेच्या खाली घुसते आणि तिला वर उचलून फेकते, वादळ उठतं ते त्यातनंच. रात्रीतून पारा कोसळणार. हे धड जेवले नाहीत. दुपारी इथंही चामुंडीवर काळं झालं. पहिला गडगडाट झाला तसे हे उठले, माझा मोबाइल आणून माझ्या हातात दिला. तिला सांग, म्हणाले, गाडी झाडाखाली लावू नको, खिडक्या घट्ट लाव, रजई काढून ठेव. मी म्हटलं, आत्ता तिथं पहाट असेल, झोपली असेल. उठव, म्हणाले. मग लावते, म्हटलं. तर समोरून हलायला तयार नाहीत.

माझं डोकंच फिरलं. मी फोन पलंगावर फेकला.

"ती तिथं नाही. कधीच गेली तिथून."

आता हे नव्या गावाचं नाव विचारणार, मी सांगून बसणार, आणि माझाही धागा तुटणार.

हे हळूच खुर्चीत बसले. "ठाऊक आहे मला," म्हणाले.

कसं ठाऊक, तेही त्यांनीच सांगितलं. गेल्या वर्षी त्या गावात वादळानं घरांची छपरं उडाली होती. ते हे घाईघाईनं मला वाचून दाखवत होते, आणि मी समोर बसून घेवड्याच्या शिरा काढत होते. हातातली शेंगसुद्धा मी खाली ठेवली नाही म्हणे. आईला भीती वाटली नाही, म्हणजे लेक तिथं नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

मग रोज वाचता कशाला, आज तिला उठवायला कशाला सांगता, मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"दुसरं गाव मला कुठं माहीत आहे?"

बाहेर पाऊस कोसळायला लागला होता आणि मला रडू आवरेना. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. नाव सांगू नको, म्हणाले, तुझं तरी बोलणं चालू राहू दे. मग उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

"थंडी आहे का तिथं? एवढंच सांग."

लेकीला थंडी सोसत नाही. म्हैसूरची थंडी ती काय, पण तेवढ्यातही शाळेत असताना तिचे ओठ फुटून रक्त यायचं, आणि हे कारखान्यातून आल्यावर तिच्या ओठांना साजूक तूप लावायचे. मी त्या माणसाकडे पाहिलं आणि खोटं बोलले.

"नाही. तिथं थंडी पडतच नाही."

"मग बरं झालं," म्हणाले. त्या रात्री पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी चहा झाला, कप रिकामे झाले, तरी ह्यांनी मोबाइल उचलला नाही. मीच विचारलं, आज काय म्हणतंय तिकडं? तर म्हणाले, आता कशाला बघायचं, थंडी नाही ना तिला. तेव्हापासून हे काहीच वाचत नाहीत. बिस्किटं बुडवून खातात, खिडकीतून रस्ता बघतात. लेक परत येणार नाही हे मला कळून चुकलंय, त्यांनाही. त्यावर बोलण्यासारखं आम्हा दोघांत काही राहिलेलं नाही.

मी मात्र आता देवळाच्या कट्ट्यावर बसून नव्या गावाचं हवामान उघडते. दसरा होऊन गेला. काल तिथं पहिलं बर्फ पडलं. हे मी कुणाला वाचून दाखवू?